सेमी इंग्रजी : विज्ञानाच्या तासाला वर्ग गप्प का होतो?

खडूफळा | सोमवार, रात्री ९.४२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचक होतो, आज धागा काढतोय. मी मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेवर सहावी-सातवीला गणित आणि विज्ञान शिकवतो. आमच्याकडे सेमी आहे, म्हणजे ही दोन पुस्तकं इंग्रजीत आणि बाकी सगळं मराठीत. सेमी का केलं हे इथल्या शिक्षकांना सांगायला नको, गावात इंग्रजी शाळेची पिवळी व्हॅन यायला लागली, पट घसरला, पट घसरला की पद जातं, मग व्यवस्थापन समितीची बैठक, त्यात पालक म्हणाले इंग्रजी करा नाहीतर पोरं काढून नेतो, झालं सुरू.

आता मुद्द्याचं. सहावीला पदार्थांच्या अवस्थांचा पाठ आहे, बाष्पीभवन वगैरे. पुस्तक न उघडता मी नुसतं विचारलं की माठातलं पाणी गार का होतं रे? अक्षरशः बाजार भरला वर्गात. एक म्हणाला माठ पाझरतो म्हणून. दुसरी म्हणाली नवा माठ जास्त गार करतो, जुन्याची भोकं बुजतात. आजी माठाला ओलं फडकं गुंडाळते हे तिघाचौघांनी सांगितलं. आणि मागच्या बाकावरचा एक, जो एरवी तोंड उघडत नाही, तो म्हणाला "सर पावसाळ्यात न्हाई होत गार, हवाच वली असती". आता बोला. हवेतल्या आर्द्रतेमुळे बाष्पीभवनाचा वेग कमी होतो हे त्या पोरानं स्वतःच्या अकलेनं काढलं.

मग पुस्तक उघडलं. "इव्हॅपोरेशन इज द प्रोसेस..." आणि वर्ग असा गप्प झाला की कुणी बटण दाबलंय. तोच पोरगा फळ्याकडं बघत बसला. स्वाध्यायाची उत्तरं सगळ्यांची एकसारखी, गाईडातनं उतरवलेली, स्वल्पविरामासकट. एकीनं तेवढं स्वतःच्या मनानं लिहिलं होतं, "द वॉटर इज गो अप इन एअर बिकॉज सन इज हॉट". तिला किती मार्क द्यायचे? विज्ञान बरोबर आहे, इंग्रजी चुकलंय. गाईडवाल्याला पूर्ण मार्क आणि हिला अर्धे असं करायचं का?

माझं इंग्रजी काही फर्डं नाही, डीएड मराठीतनं झालं, हे आधीच सांगून टाकतो. तुम्ही लोक कसं करता? "सेमी बंद करा" असं सांगू नका, ते माझ्या हातात नाही.

---

प्राजक्ता_नाशिक | सोमवार, रात्री १०.१५

सर, कळकळ समजली पण दुसरी बाजू पण ऐका. मी दहावीपर्यंत पूर्ण मराठी माध्यमात, बोर्डात चांगले मार्क, आणि अकरावी सायन्सला गेले तर पहिले काही महिने वर्गात काय चाललंय हेच कळत नव्हतं. बल, दाब, कार्य, ऊर्जा सगळं मला येत होतं हो, पण फोर्स, प्रेशर, वर्क, एनर्जी म्हणून येत नव्हतं. महाराष्ट्रात अकरावी-बारावीचं सायन्स इंग्रजीतच आहे आणि ते काही उद्या बदलणार नाही. त्यामुळे माझ्या मुलीला मी मुद्दाम सेमीत घातलंय. तिला भाषा, इतिहास-भूगोल मराठीत आणि गणित-विज्ञान इंग्रजीत. अकरावीत एकदम तोंडावर आपटण्यापेक्षा सहावीपासून सवय झालेली काय वाईट?

---

खडूफळा | सोमवार, रात्री १०.३१

ताई, वाईट नाहीच. पण तुमच्या मुलीला घरी विचारायला तुम्ही आहात. माझ्या वर्गातल्या पोरीची आई ऊसतोडीला गेलीय, दिवाळीनंतर थेट उन्हाळ्यात येणार. आणि तुम्हाला बल, दाब, कार्य "येत होतं" हे तुम्हीच म्हणालात. तुमच्याकडे माल होता, फक्त लेबल बदलायचं होतं. माझ्या पोरांकडे नुसतीच लेबलं जमा होताहेत.

---

गणोबा | मंगळवार, सकाळी ६.५०

हायस्कूलला गणित शिकवून निवृत्त झालो. विज्ञानाचं ठाऊक नाही, गणितापुरतं सांगतो. लोकांना वाटतं गणिताला भाषा लागत नाही, आकडे तर सगळीकडे सारखेच. साफ चूक.

एक उदाहरण घ्या. "रवीकडे १५ गोट्या, मीनाकडे ९, रवीकडे किती जास्त?" हे मराठीत तिसरीचं पोर करतं. हेच "हाउ मेनी मोअर" करून विचारा, सेमीच्या पाचवीतलं निम्मं पोरगं बेरीज करून २४ उत्तर देतं. का? तर कुणीतरी त्याला शिकवलंय की "मोअर" दिसलं की अधिक, "लेस" दिसलं की उणे. वाक्य वाचायचंच नाही, शब्द हुंगायचा आणि क्रिया करायची. शिक्षकानं दिलेली ही पळवाट आहे, कारण वाक्य समजावायला वेळ नाही आणि कधीकधी शिक्षकालाही ते वाक्य नीट उलगडत नाही.

पुढे बीजगणितात तर गंमतच. "एका संख्येपेक्षा ५ ने कमी" हे मराठीत ऐकलं की आधी संख्या येते मग ५ येतात, पोर सरळ क्ष वजा ५ लिहितं. इंग्रजीत "फाइव्ह लेस दॅन अ नंबर", आधी ५ ऐकू आले, पोरानं लिहिलं ५ वजा क्ष. गणित त्याला येतंय, क्रम उलटा ऐकू आलाय इतकंच. भागाकारात "डिव्हाइड बाय" आणि "डिव्हाइड इनटू" मध्ये कुणाला कुणानं भागायचं यावर मी शिक्षकांना भांडताना पाहिलंय.

आणि "हाउ मेनी आर लेफ्ट" ला डावीकडच्या गोट्या मोजणारा विद्यार्थी मला प्रत्यक्ष भेटलाय. हसू नका, त्यानं डावी-उजवी बाजू इंग्रजीत नुकतीच पाठ केली होती, त्याच्या परीनं तो बरोबरच होता.

---

बिनधास्त_बंड्या | मंगळवार, सकाळी ९.०५

इंग्रजीशिवाय पर्याय नाही, हे सत्य स्वीकारा आणि पुढे चला. उगाच मातृभाषेचे गोडवे गाणाऱ्यांची मुलं कुठल्या शाळेत असतात ते बघा एकदा.

---

गणोबा | मंगळवार, सकाळी ९.२०

बंड्याभाऊ, धागा परत वाचा. गोडवे कुणीच गायले नाहीत. मास्तर "कसं शिकवू" विचारतोय.

---

मेळघाटी | मंगळवार, दुपारी १.३३

शाळेत रेंज नाही, आज तालुक्याला मीटिंगला आलो म्हणून लिहून घेतो.

मी धारणी तालुक्यात पहिली ते चौथीवर आहे. मूळचा अमरावतीकडला. तुम्ही लोक मराठी विरुद्ध इंग्रजी करून राहिले, माझ्याकडं मराठीच दुसरी भाषा आहे. पोरं घरी कोरकू बोलतात. कोरकू म्हणजे मराठीची बोली नव्हे बरं का, पार वेगळं कूळ आहे, तिकडं झारखंडच्या मुंडारी-संथालीशी नातं. बाजारात गेले की हिंदी, कारण मध्य प्रदेशची सीमा जवळ, बऱ्हाणपूर-खंडव्याकडं जाणं-येणं. शाळेत आले की मराठी. आणि आता त्यात इंग्रजी. सहा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर किती गाठोडी द्यायची त्याचा हिशोब करा.

पहिलीत आलेलं पोर दोन-तीन महिने बोलतच नाही. नवीन शिक्षक शेरा मारतो "प्रगती असमाधानकारक". अरे, त्याला तू काय बोलून राहिला तेच कळत नाही तर प्रगती कुठून होईल? त्याच पोराला जंगलात घेऊन जा, कोणत्या झाडाची पानं कधी गळतात, मोहाची फुलं कधी येतात, कोणता कंद खायचा, कोणता नाही हे तोच तुम्हाला शिकवीन. परिसर अभ्यासाच्या पेपरात मात्र "आपल्या परिसरातील पाच झाडांची नावे लिहा" ला भोपळा, कारण झाडं माहीत आहेत, मराठी नावं माहीत नाहीत.

मी काय करतो ते सांगतो, लय मोठं काही नाही. वर्गात मोठ्या पोरांपैकी ज्याला दोन्ही भाषा येतात त्याला माझ्या बाजूला बसवतो. आधी गोष्ट कोरकूत होऊ देतो, मला कळली नाही तरी चालते. मग मराठीत. सुरुवातीला वाटे की असं केल्यानं मराठी मागं पडीन, तसं होत नाही. पोर बोलायला लागलं की मराठीही बोलते, आणि गप्प राहिलं की कोणतीच बोलत नाही.

खडूफळा सर, तुमचा मागच्या बाकावरला पोरगा अन् माझं पहिलीतलं पोर एकच आहे बघा.

---

सायली_म | मंगळवार, दुपारी २.१०

मेळघाटी, सुंदर प्रतिसाद. गडचिरोलीत धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली ती याच कारणासाठी. तिला मान्यता नाही म्हणून पुढे शिक्षण विभागाची नोटीस आली आणि प्रकरण हायकोर्टात गेलं. एकीकडे मातृभाषा मातृभाषा म्हणायचं आणि कुणी खरंच सुरू केलं की कागद मागायचे.

---

कलम_३५० | मंगळवार, सायं. ५.४५

कायद्याचं थोडक्यात, कारण दरवेळी त्यावर घोळ होतो. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं यासाठी सोयी करा असं घटनेचं कलम ३५०-अ राज्यांना सांगतं, ते १९५६ च्या सातव्या दुरुस्तीनं आलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात माध्यम "शक्य तिथवर" मातृभाषा असावं असं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात किमान पाचवीपर्यंत, जमल्यास आठवीपर्यंत घरची भाषा, तिथेही "शक्य असेल तिथे". आणि २०१४ मध्ये कर्नाटकच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की सरकार मातृभाषेची सक्ती करू शकत नाही. म्हणजे मेळघाटी सरांच्या पोराला कायदा "शक्य असेल तर" म्हणतो आणि ते शक्य करायची जबाबदारी नक्की कुणाच्या गळ्यात हे कुणी सांगत नाही.

(२०२५ च्या हिंदीच्या जीआरवर इथे घसरू नका, त्याचे दोन धागे आधीच पेटलेत.)

---

म्हादयकाठ | मंगळवार, रात्री ८.२०

आमच्या गोव्याची तऱ्हा सांगते. घरी कोंकणी. सरकारी प्राथमिक शाळा मराठी किंवा कोंकणी, मी मराठीत होते. म्हणजे चौथीपर्यंत दुसऱ्या भाषेत, तरी मराठी जवळची, देवळात नाटकांत कानावर पडणारी, त्यामुळे जड गेली नाही. आणि पाचवीत हायस्कूलला गेलं की सगळं इंग्रजी. सगळं म्हणजे सगळं, इतिहास-भूगोलसुद्धा. एका सुट्टीत भाषा बदलायची. आमच्या वर्गात हुशार म्हणून गाजलेली मुलं पाचवीत एकदम "कच्ची" झाली, त्यातली काही दहावीपर्यंत टिकलीच नाहीत.

१९९० पासून अनुदान फक्त मराठी-कोंकणी प्राथमिक शाळांना होतं, २०११ मध्ये इंग्रजीलाही द्यायचं ठरलं आणि केवढं आंदोलन झालं. दोन्ही बाजूंनी भाषणं ठोकणाऱ्यांत चौथी ते पाचवी या उडीबद्दल बोलणारं मला कुणी भेटलं नाही. सगळे पहिलीच्या माध्यमावर भांडत होते. पाचवीत मुलांना चार-सहा महिने दोन्ही भाषांत शिकवा, शब्दांची ओळख करून द्या, एवढं केलं असतं तरी पुष्कळ झालं असतं.

---

श्टुटगार्टकर | मंगळवार, रात्री ११.५८

इथे जर्मनीत आल्यावर मुलगा तिसरीत होता, जर्मनचा गंध नाही. त्याला सुरुवातीला वेगळ्या तयारी वर्गात घातलं. तिथे फक्त भाषा शिकवत नव्हते, गणिताची आणि परिसराच्या विषयाची भाषा शिकवत होते. सोबत खेळाच्या आणि चित्रकलेच्या तासाला मुख्य वर्गात बसवायचे. हळूहळू एकेक विषय मुख्य वर्गात. ही सोय पण गावागणिक कमी-जास्त आहे, सगळं आलबेल नाही, पण निदान दुसऱ्या भाषेतून शिकणं हे वेगळं काम आहे आणि त्याला वेगळा शिक्षक लागतो हे इथे गृहीत धरलेलं आहे.

गंमत म्हणजे वर्षभरात तो मैदानावर फडाफडा जर्मन बोलायला लागला आणि आम्ही खूश झालो. तर बाई म्हणाल्या थांबा, खेळाची भाषा आली, पुस्तकाची यायचीय. कॅनडातल्या जिम कमिन्स या अभ्यासकानं १९७९ मध्येच हे मांडलंय, बोलण्याची भाषा साधारण दोनेक वर्षांत येते, अभ्यासाची भाषा यायला पाच ते सात वर्षं लागू शकतात. हे सुद्धा आजूबाजूला सगळे तीच भाषा बोलत असताना. खडूफळा सरांच्या गावात इंग्रजी शाळेच्या फाटकाबाहेर आहेच कुठे?

अजून एक. मराठी आकड्यांचा वाद आठवतो का, २०१९ चा? बालभारतीनं दुसरीच्या गणितात त्रेसष्टला "साठ तीन" असं वाचायचा पर्याय दिला, मंगला नारळीकरांच्या समितीवर केवढी टीका झाली. जर्मनमध्ये पण आधी एकक मग दशक, तीन-आणि-साठ. माझा मुलगा ३६ आणि ६३ मध्ये गडबडला नाही कारण मराठीत त्याला तीच सवय होती, इंग्रजी शाळेतनं आलेली मुलं मात्र इथे गोंधळतात. तेव्हा आपली पहिली भाषा कुठे कशी कामी येईल सांगता येत नाही.

---

प्राजक्ता_नाशिक | बुधवार, सकाळी १०.०२

हे सगळं वाचून मला वाटायला लागलंय की आपण सगळे एकाच गोष्टीबद्दल बोलतोय का? माझा मुद्दा अजूनही तोच आहे, इंग्रजी लागणारच. जेईई मेन, नीट मराठीत देता येते म्हणतात पण चांगले क्लास, चांगली पुस्तकं कुठायत मराठीत? जोपर्यंत अकरावीची दारं इंग्रजीत आहेत तोपर्यंत पालक सेमीच मागणार आणि त्यांना दोष देऊ नका.

---

अभ्यासू_बोका | बुधवार, सकाळी ११.३०

@प्राजक्ता, पालकांना दोष नाहीच, पण "लवकर सुरू केलं की लवकर येतं" हे गृहीतक तपासून बघा. मलेशियानं २००३ पासून गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकवायला घेतलं, आपल्या सेमीसारखंच. शिक्षकांना लॅपटॉप दिले, प्रशिक्षण दिलं. २००९ मध्ये सरकारनं ते मागे घ्यायचं ठरवलं, खेड्यातली मुलं मागे पडत होती आणि बरेच शिक्षक प्रत्यक्षात मलयमध्येच शिकवत होते.

आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी विषय २००० साली आला, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. विषय म्हणून इंग्रजी आणि माध्यम म्हणून इंग्रजी ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पालकांच्या डोक्यात त्या एकच झाल्यात. आणि असर या शिक्षणाच्या पाहणीच्या २०२३ च्या अहवालात १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलांपैकी इंग्रजी वाक्यं वाचता येणारी ५७ टक्क्यांच्या आसपास होती. साधी वाक्यं हो, वेळ काय झाली टाइप. उरलेल्यांना आपण इंग्रजीतून अपवर्तन शिकवायचं म्हणतोय.

---

बिनधास्त_बंड्या | बुधवार, सकाळी ११.४१

मग काय, पोरांना शेतातच ठेवायचं का?

---

अभ्यासू_बोका | बुधवार, सकाळी ११.५०

नाही हो, आधी इंग्रजी नीट शिकवायचं. इंग्रजीच्या तासाला.

---

मोरपीस७ | बुधवार, दुपारी ४.१५

मी एका खाजगी अनुदानित शाळेत सेमीला विज्ञान शिकवते. खडूफळा सर, तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते कारण तो मागेच राहिलाय.

आपल्याकडे सेमीत बहुतेक शिक्षक काय करतात? पुस्तकातलं एक वाक्य इंग्रजीत वाचायचं, लगेच त्याचं मराठी सांगायचं, पुढचं वाक्य, परत मराठी. मी पण तेच शिकवताना पाहत आले, बीएडच्या पाठांपासून. याच्यात होतं काय की मुलं इंग्रजी वाक्य चालू असताना खिडकीबाहेर बघतात, त्यांना माहीत असतं की मॅडम आता मराठीत सांगणारच आहेत. म्हणजे इंग्रजी कानावरून जातं. आणि मराठी कुठलं मिळतं? तर तुटक तुटक, वाक्याला वाक्य जोडलेलं, ज्यात ना वाद होतो ना शंका निघते. तुमच्या माठाच्या गप्पा त्या पद्धतीत कधीच झाल्या नसत्या. दोन्ही भाषा वापरून एकीतही शिकवणं होत नाही.

त्यापेक्षा तुकडे मोठे करा. एक अख्खा तास मराठीत, तोही तुमच्याकडच्या मराठीत, पुस्तकी नको. "बाष्पीभवन" तरी कुणाच्या घरात बोलतात? "सुकलं", "वाळलं", "आटलं" यातला फरक पोरांकडून काढून घ्या. कपडे वाळतात, दूध आटतं, विहीर आटते, तीन ठिकाणी काय सारखं, काय वेगळं. त्यातून मुद्दा पक्का झाला की दुसऱ्या तासाला इंग्रजी, आणि तेव्हा मात्र लगेच मराठीत उडी मारायची नाही, चित्र काढा, हातवारे करा, प्रयोग परत करा, पण इंग्रजीत थांबा. आता विषय माहीत असल्यामुळे मुलं अंदाज बांधतात, आणि तो अंदाज बांधणं म्हणजेच भाषा शिकणं आहे.

लिहिण्यासाठी मी अर्धी वाक्यं देते. "आय थिंक... बिकॉज..." किंवा "व्हेन वुई हीट..., इट..." एवढंच भिंतीवर. त्यात मुलं आपापला मजकूर भरतात. गाईडपेक्षा हजार पटीनं बरं. शब्द अडला तर देवनागरीत मराठी शब्द घुसवायची मुभा, नंतर आपण वर बारीक अक्षरात इंग्रजी लिहून द्यायचं.

आणि मार्कांचं. त्या मुलीला पूर्ण मार्क द्या हो! विज्ञानाचा पेपर आहे. इंग्रजी दुरुस्त करून द्या, पण मार्क कापू नका. गाईडवाल्याला उलट तोंडी एक प्रश्न विचारा, ढगाळ दिवशी कपडे वाळतात का, का वाळतात. सांगता आलं तर मार्क.

---

गणोबा | बुधवार, सायं. ६.३०

मोरपीसबाई, शंभर टक्के सहमत. एक भर. आपण सगळे मोठमोठ्या शास्त्रीय शब्दांच्या मागे लागतो, ते पोरं पाठ करतातच, फोटोसिंथेसिस पोपटासारखं म्हणतात. अडतं ते प्रश्नातल्या क्रियापदांवर. "गिव्ह रीझन्स", "डिस्टिंग्विश", "स्टेट", "डिस्क्राइब", "व्हाय" नसलेला का आणि "हाउ" नसलेला कसं. कारणं द्या म्हटल्यावर पोरगं व्याख्या लिहून मोकळं होतं, कारण त्याला इव्हॅपोरेशन हा एकच शब्द ओळखीचा दिसला आणि त्याखाली पाठ केलेलं ओतलं. "देअरफोर", "अनलेस", "वेअरॲज", "इच" हे शब्द कुठल्याच धड्याच्या शेवटी काळ्या चौकटीत नसतात. आधी ते शिकवा.

आणि जाता जाता, सव्वा, दीड, अडीच, पाऊण हे सेमीच्या नादात घालवू नका. किराणा दुकानात अडीच किलो साखर आणणारं पोर २.५ बघून दचकतं, तिथे मराठीची सांगड घालून द्यायला दोन मिनिटं लागतात.

---

खडूफळा | पुढचा सोमवार, रात्री ९.१०

मंडळी, आठवडाभर मोरपीस मॅडमची पद्धत करून बघितली. जे झालं ते सांगतो.

मराठीचा तास झकास झाला. आटणं-वाळणं-सुकणं यावरनं पोरांत भांडण लागलं, एकजण म्हणे दूध आटतं तेव्हा फक्त पाणीच जातं कारण खवा राहतो, दुसरा म्हणे मग वास कसा येतो. ह्याचं उत्तर मला पण पटकन देता येईना, उद्या बघू म्हटलं. दुसऱ्या दिवशी इंग्रजीचा तास, लगेच मराठी करायचं नाही हे मला पोरांपेक्षा जास्त जड गेलं, जीभ वळवळते. पण अर्ध्या वाक्यांची भिंत कामाला आली. पावसाळ्यातल्या माठवाल्यानं लिहिलं, "इन रेनी सीझन मटका इज नॉट कूल बिकॉज एअर इज ओली". दिले पूर्ण मार्क.

आता तक्रार. एका पाठाला पूर्वीच्या दुप्पट तास गेले. नियोजनात मी मागे पडलोय आणि केंद्रप्रमुखांनी वही बघून "पाठ संथ का" असं विचारलंच. त्यांचंही बरोबर, चाचणी ठरलेल्या तारखेला येणार, ती काही माझ्यासाठी थांबत नाही. आणि चाचणीत रिकाम्या जागा नि जोड्या लावा, तिथे गाईडवालाच पुढे जातो. सगळे पाठ असे होणं शक्य नाही. मी ठरवलंय की ज्या पाठावर पुढचे दोन-तीन पाठ उभे आहेत तेवढेच असे घ्यायचे, बाकी चालू पद्धतीनं.

गणोबा सर, तुमच्या क्रियापदांचा तक्ता करतोय. डाव्या बाजूला "गिव्ह रीझन्स", मधे मराठी, उजवीकडे नमुन्याचं एकेक वाक्य.

---

मोरपीस७ | सोमवार, रात्री ९.३५

दुधाचा वास हा भारी प्रश्न आहे, सोडू नका तो. खव्याच्या वाटीवर झाकण ठेवून काढायला लावा, वास कुठून येतो कळेल. आणि निवडक पाठांचं अगदी योग्य, मी पण सगळे घेत नाही.

---

मेळघाटी | बुधवार, दुपारी १२.५०

सर, तक्त्याचा फोटो टाका इथं. मला मधे आणखी एक रकाना लागीन कोरकूचा. मला लिहिता येत नाही, पण आश्रमशाळेत शिकणाऱ्या आठवीच्या पोरी सुट्टीत गावी येतात, त्यांच्याकडून देवनागरीत लिहून घेतो. "कारण द्या" ला कोरकूत काय म्हणत असतील ते मलाच पाहायचं आहे.

---

खडूफळा | बुधवार, रात्री ९.००

टाकतो शुक्रवारपर्यंत. मोबाइलवर नीट दिसणार नाही म्हणून दोन भागांत फोटो टाकीन. लॅमिनेशन करू नका लगेच, गणोबा सर अजून दुरुस्त्या पाठवताहेत.

---

गणोबा | बुधवार, रात्री ९.१२

पाठवतोय. "एक्सप्लेन" आणि "डिस्क्राइब" तू एकाच ओळीत घातलेत, वेगळे कर. आणि "फाइंड" राहिलाय, गणितात पोरं तो शब्द बघून पुस्तकात उत्तर शोधायला लागतात.